केडगावला जाऊन आलो

गेल्या शनिवारी आईला घेऊन केडगावला जाऊन आलो. खरं तर शनिवारचा माझा प्लॅन झोपण्याचा होता. पण पंडिता रमाबाईंचं 'मुक्ती' बघायचं राहूनच गेलंय, तुझे बाबा नेणार होते, असं आई म्हणाली. बाबांचं नाव निघालं की आमच्याकडचे वाद तिथेच संपतात. हडपसरला दौंडची गाडी पकडली.

थोडं मागे जातो. एप्रिल २०२१ मध्ये बाबा कोविडने गेले. अकरा दिवस ऑक्सिजनवर होते आणि अकराही दिवस अख्खं चर्च झूमवर प्रार्थना करत होतं. मीही... लॅपटॉपवर एका खिडकीत ऑफिसचं रिलीज, दुसरीत प्रार्थना. त्यानंतर कुणी 'देवाची योजना' म्हणालं की मी पाणी प्यायला उठतो. चर्चला मात्र दर रविवारी जातो. का? तर आईला गाडी चालवता येत नाही म्हणून. (हे आईला कळलेलं नाही, असा माझा गोड गैरसमज होता.)

तर गाडीत रमाबाईंबद्दल वाचत बसलो. शाळेत त्या दोन मार्कांपुरत्या भेटलेल्या, 'समाजसुधारक' म्हणून. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, मग १८८२ मध्ये नवरा. दुसऱ्या वर्षी इंग्लंडमध्ये वाँटेजला लहानग्या मुलीसह बाप्तिस्मा. मला वाटायचं, एवढी विद्वान बाई धर्म बदलते म्हणजे तिचे सगळे प्रश्न सुटलेले असणार. कसले सुटतात! ज्या भगिनींकडे राहिल्या त्यांच्याशीच त्रैक्याच्या सिद्धान्तावरून त्यांचे वाद झाले. एका परंपरेचं जोखड उतरवून दुसरं निमूट मानेवर घ्यायचं, हे बाईंना मंजूर नव्हतं. आणि १९०७ मध्ये इंग्रजीत छापलेल्या साक्षीत त्या सरळ सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, ख्रिस्त अजून सापडलेला नाही.

आठ वर्षं! तोवर मुंबईत शारदा सदन काढून झालं होतं. म्हणजे आत ही पोकळी आणि बाहेर काम चालू. हे वाचून मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुलींना घेऊन आल्या, केडगावला 'मुक्ती' उभं राहिलं. शेवटची सतराअठरा वर्षं बायबलच्या भाषांतरात घातली. का, तर असलेलं भाषांतर खेड्यातल्या बायकांना जड जायचं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. (आमच्याकडे तीन महिन्यांच्या प्रोजेक्टला लोक राजीनामे टाकतात.) १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. दुसऱ्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या आणि छापील बायबल बाहेर आलं १९२४ मध्ये. मुलगी गेल्यावरचे ते नऊ महिने त्यांनी कसे काढले असतील, ते मला कळत नाही. 'श्रद्धा होती म्हणून' हे उत्तर फारच सोपं वाटतं.

परतीच्या गाडीत आईला हे सगळं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. यवत गेल्यावर म्हणाली, "प्रभूच्या प्रार्थनेत देवाच्या इच्छेची ओळ येते ना, तिथे मी गप्प असते. तुझे बाबा गेल्यापासून. ओठ हलवते नुसते."

"मग जातेस कशाला?"

"पुढच्या ओळी येतात की म्हणता. आणि तू तरी कशाला येतोस, मला काय रिक्षा मिळत नाही?"

काल रविवारी मुद्दाम कान देऊन बसलो. त्या ओळीला ती गप्प होती. मीही होतो. मग भाकरीची ओळ आली, तेव्हा दोघंही म्हणायला लागलो. तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता.