वणवा आणि कुंचला

दुःख बोलून दाखविल्यानें हलकें होतें, असें आपल्याकडे वडील माणसें सांगतात. परंतु जें दुःख शब्दांत मावतच नाहीं, तें मनुष्यानें कसें बोलून दाखवावें? ह्या प्रश्नाचें एक उत्तर आम्हांस दूरच्या ऑस्ट्रेलिया खंडांतील चित्रांत सांपडलें. तें आमच्या विद्यार्थिवाचकांपुढें ठेवावें, असें वाटतें.

त्या देशांतील व्हिक्टोरिया प्रांतास वणव्याची आपत्ति जुनीच आहे. निलगिरीच्या जातीच्या तेथील झाडांच्या पानांत तेल असतें. ऐन उन्हाळ्यांत उत्तरेकडील उष्ण वारा सुटला, म्हणजे ठिणगी पडण्याचाच काय तो अवकाश. ता. ६ फेब्रुवारी १८५१ रोजीं तेथें असाच अग्निप्रलय झाला. विल्यम स्ट्रट ह्या चित्रकारानें १८६४ सालीं त्याचें भव्य चित्र पुरें केलें. त्यांत माणसें, घोडे, गुरें सारींच जिवाच्या आकांतानें पळत आहेत. काय घडलें, तें लहान मुलासही पाहतांक्षणीं कळतें.

पुढें १९६८ च्या फेब्रुवारींत मेलबर्न शहराच्या पूर्वेकडील डँडेनाँग टेकड्यांस आग लागली. तेथील अपवे गांवीं फ्रेड विल्यम्स (१९२७–१९८२) हा चित्रकार राहत असे. आग त्याच्या घरापासून सुमारें १०० मीटरांवर येऊन थांबली. नंतर त्यानें वणव्याचीं जीं चित्रें रंगविलीं, त्यांत स्ट्रटच्या चित्रांतील पळापळ नाहीं. काळवंडलेली भूमि, राखेचे फिकट पट्टे आणि झाडांच्या जागीं उरलेल्या कोळशासारख्या खुणा, एवढेंच काय तें दिसतें. 'ह्यांत चित्र तें कोणतें?' असें कोणी सहज विचारील.

ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस आमच्याच वर्गांत मिळालें होतें. एका वर्षीं डोंगरावरील वणवा वाडींत उतरून एका विद्यार्थ्याचें घर जळालें. त्याविषयीं तो कोणापाशीं चकार शब्द काढीत नसे. चित्रकलेच्या तासास 'आमचें घर' हा विषय दिला असतां त्यानें सारा कागद काळ्या खडूनें घासून भरला आणि एका कोपऱ्यांत तांबडा ठिपका दिला. शेजारच्या मुलानें विचारलें, "अरे, ह्यांत घर कोठें आहे?" तो म्हणाला, "तेंच तर नाहीं." वर्गांत कोणीही हंसलें नाहीं. आम्हीं तो कागद इतर चित्रांच्या ओळींत भिंतीवर लावला. सायंकाळीं शाळा सुटल्यावर तो मागें रेंगाळला, आणि गोठ्यांतील वासरूं सोडावयास वेळ मिळाला नाहीं, हें त्यानें आम्हांस प्रथमच सांगितलें.

जें उरलेंच नाहीं, त्याची प्रतिकृति कशी काढावी? तेथें आकार हरतो. मग रंगासच बोलावें लागतें. घडलेली गोष्ट स्ट्रटचें चित्र सांगतें, तर ती घडून गेल्यावरची शांतता विल्यम्सचीं चित्रें दाखवितात. मनुष्यास दोहोंचीही गरज आहे.

विल्यम्सनें जळलेले नेचेही रंगविले आहेत. नेच्याचें काळें खोड आगीनंतर पुन्हां हिरवीं पानें उलगडतें. निलगिरीच्या सालीखालीं निजलेले कोंबही बाहेर येतात. हें पाहून मनास धीर येतो खरा. परंतु त्याच प्रांतांत ता. ७ फेब्रुवारी २००९ रोजींच्या वणव्यांत १७३ माणसें मृत्युमुखीं पडलीं, आणि त्यांच्या घरच्यांस 'रान पुन्हां हिरवें होईल' एवढें सांगून भागणार नाहीं. कोंब फुटण्याची घाई आपण करूं नये. तो आपल्या वेळीं फुटतो.

म्हणून, वाचकहो, एखाद्या चित्राचा अर्थ लागला नाहीं, तर लागलीच नाक मुरडूं नका. तें काढणाऱ्या हातानें काय सोसलें असेल, हा प्रश्न आधीं मनांत येऊं द्या. कित्येकदां दुःखितास उत्तर नको असतें. आपण काढलेला काळा रंग कोणीतरी थांबून पाहिला, एवढेंच त्याला पुरतें.