रत्नागिरीचा किनारा आणि गळाची काठी

रत्नागिरी म्हटली कीं आपल्या घरांतून हापूस आंबा, लोकमान्यांचें जन्मस्थान आणि १८८६ पासून १९१६ मध्यें मृत्यु येईपर्यंत येथें नजरकैदेंत राहिलेला ब्रह्मदेशचा थिबा राजा, एवढ्या गोष्टी तत्काळ आठवतात. परंतु या गांवाचें आणखी एक वैशिष्ट्य प्रवाशाच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. थिबा राजवाड्याजवळच्या उंचवट्यावरून पाहिलें म्हणजे खालीं काजळी नदीची खाडी व तिच्यावरील भाट्याचा पूल दिसतो. पुलापलीकडे सुरूच्या बनाला लागून लांबच लांब वाळू पसरलेली आहे. आणि गांव ओलांडून पश्चिमेस गेलें कीं तीन बाजूंनीं समुद्रानें वेढलेला रत्नदुर्ग लागतो. खाडी, वाळू आणि खडक! समुद्राचीं हीं तीन निरनिराळीं रूपें एका दिवसाच्या रपेटींत पाहावयास मिळतात. खाऱ्या पाण्यांत गळ टाकण्याची ज्यास हौस आहे, त्यानें काठी कशी निवडावी याचा पाठ येथें आपोआप मिळतो.

ज्या घरीं मासा शिजत नाहीं, तेथें हा विषय कशास, असें कोणी विचारील. परंतु तो आपल्याकडे अगदींच परका नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत राजाच्या अनेक विनोदांबरोबर मत्स्यविनोदासही स्थान दिलेलें आहे. शिवाय कोणतेंही साधन त्याच्या कामाशीं ताडून पाहणें, ही दृष्टि सर्वांसच उपयोगी आहे.

नवखा मनुष्य दुकानांत गेल्यावर “मजबूत काठी कोणती?” एवढेंच विचारतो. हा प्रश्न अपुरा आहे. काठीचे गुण दोन. पहिला तिचा जोर, म्हणजे तिला वांकविण्यास किती भार लागतो तो. दुसरा तिचा बांक, म्हणजे भार पडल्यावर ती कोठून वांकते तें. या दुसऱ्या गुणास इंग्रज लोक ‘ॲक्शन’ म्हणतात. केवळ शेंड्याकडचा तिसरा हिस्सा वांकून बाकीची ताठ राहते ती जलद बांकाची. कारण सोडली कीं ती झटकन सरळ होते. अर्ध्यापर्यंत वांकते ती मध्यम, आणि मुठीपर्यंत कमानीसारखी लवते ती मंद बांकाची. भरपूर जोराची काठी मंद बांकाची असूं शकते आणि हलकी काठी जलद बांकाची असूं शकते. म्हणून दोन्ही गुण वेगवेगळे पारखावे.

आतां खाडीकडे वळूं. पुलाच्या खांबांचा व कडेच्या खडकांचा आश्रय हा जिताडा आणि तांबोशी यांस प्रिय. जिवंत कोळंबी गळास लावून येथें भरतीच्या पाण्यांत टाकावी. ताठ शेंड्याची काठी झटका देते, आणि कोळंबी वाटेंतच गळावरून निसटते. शिवाय आमिष तोंडांत घेतांच माशास ताण जाणवून तो तें टाकून देतो. म्हणून शेंडा मृदु हवा. उलट, गळ लागल्याबरोबर तांबोशी कपारीकडे धांव घेते. तिला थोपविण्यास काठीचा मागील भाग बळकट हवा. जिताडा तर पाण्याबाहेर उसळून डोकें झटकतो. त्या क्षणीं काठी लवली नाहीं तर गळ सुटतो. मध्यम व जलद यांच्या मधल्या बांकाची, ७ फुटांच्या आसपासची काठी येथें योग्य होय.

पूल ओलांडला कीं भाट्याची वाळू. येथें फुटत्या लाटांच्या पलीकडे १०० ग्रॅमांच्या आसपासचें शिसें पोंचवावें लागतें. त्यासाठीं ११ ते १३ फुटांची, मध्यम बांकाची काठी घ्यावी. ती फेंकीचा भार अंगांत सावकाश सांठविते आणि सावकाश परत देते, त्यामुळें मऊ आमिष फाटत नाहीं. लांबीमुळें दोरही लाटांच्या वर राहतो. शिंगाळा, पाखट यांच्यासाठीं ही काठी ठीक; पण उथळ पाण्यांत चरणाऱ्या मुडदुशीसाठीं मऊ शेंड्याची लहानशी काठीच पुरते.

रत्नदुर्गाच्या बाजूच्या खडकांवर हिशेब पुन्हा बदलतो. गोबरा दगडांच्या फटींत राहतो आणि आमिष पकडतांच तेथेंच परत शिरतो. त्याला पहिल्या दोन-चार क्षणांतच वर उचलला नाहीं तर दोर दगडावर घांसून तुटतो. म्हणून येथें जलद बांकाची, जोरदार काठी हवी. मात्र अशी काठी हातास सवलत देत नाहीं. तिच्यासोबत विणलेला, न ताणणारा दोर असला तर माशाचा सर्व हिसका मनगटावर येतो, आणि पायाखालीं ओलें शेवाळ असतें. तेव्हां ओहोटीची वेळ पाहूनच उतरावें, एकट्यानें जाऊं नये, समुद्राकडे पाठ करूं नये, आणि पावसाळ्यांत तिकडे फिरकूंच नये.

दोराचा विचार केल्यावांचून काठीची निवड पुरी होत नाहीं. किनाऱ्यावर ज्यास तंगूस म्हणतात तो नायलॉनचा दोर स्वतः थोडा ताणतो, म्हणून त्यास ताठ काठी चालते. विणलेल्या दोरास अधिक लवणारी काठी द्यावी. दोर ज्या भारास तुटतो त्याच्या चौथाई ते तिहाई भारावर रीळ सुटेल असें जुळवावें. हें न पाळल्यास दोर तुटतो, मासा तोंडांत गळ घेऊन निघून जातो, आणि वर्षानुवर्षें न कुजणारा तो तंगूस पक्ष्यांच्या व कासवांच्या गळ्याभोंवतीं अडकतो. याच जिल्ह्याच्या वाळूंत कासविणी अंडीं घालावयास येतात, हें विसरतां कामा नये. जो विनोद दुसऱ्या जीवावर चालतो, त्यांत निष्काळजीपणास क्षमा नाहीं.

पूर्वीं काठी बांबूची असे. १९४० नंतरच्या दशकांत कांचतंतूंची आली व १९७० नंतर कार्बनतंतूंची. कार्बनची काठी हलकी व चपळ, पण खडकावर आपटल्यास दगा देणारी. कांचतंतूंची जड, पण सोशिक. कोणतीही घ्या, दुकानांत हवेंत हलवून ती कळत नाहीं. कड्यांतून दोर ओंवून टोंकाला वजन बांधावें, मूठ तिरपी धरून तें उचलावें, आणि काठी कोठून वांकते तें डोळ्यांनीं पाहावें. घरीं आल्यावर ती गोड्या पाण्यानें धुवावी, नाहींतर खाऱ्या पाण्यानें कडीं व रीळ गंजूं लागतात.

सारांश, एकच काठी तिन्ही जागीं सारखी कामाची नाहीं. प्रथम पाणी पाहावें, मग मासा, मग आमिष, मग दोर. आणि सर्वांत शेवटीं दुकानाची पायरी चढावी.