‘काहून?’

नातवंडांचे कौतुक छापून काढणाऱ्या आजोबांविषयी सुज्ञ वाचकांच्या मनात एक प्रकारची धास्ती असते, आणि ती अगदीच अस्थानी आहे असे आम्हांस म्हणवत नाही. तथापि गेले दीड वर्ष आमच्या घरी वास्तव्यास असलेल्या एका चार वर्षांच्या पाहुणीविषयी लिहिण्याची परवानगी आम्ही मागणार आहोत. येत्या जूनमध्ये ती पुण्यास आपल्या आईबापांकडे जाणार, तेथील शाळेत बसणार, आणि आज आमच्या ओसरीवर दिसते ती मुलगी मग कोठेच असणार नाही. तिच्याच नावाची, तिच्याच तोंडवळ्याची दुसरी एक शहाणी मुलगी दिवाळीच्या सुटीत येईल. तिचेही आम्ही स्वागत करू. परंतु ती ही नव्हे.

सध्या पौष चालू असल्यामुळे वाशीमच्या बाजारात तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग पडले आहेत. पसाभर दाणे सोलणे हे एरवी अर्ध्या घटकेचे काम. तिच्या सहकार्याने त्यास दीड तास लागतो. शेंग उघडली की प्रथम दाणे मोजावयाचे. पाच निघाले म्हणजे आई, बाबा, आजी, आबा आणि ती स्वतः असे सारे कुटुंब घरी आहे. तीनच निघाले, तर ‘दोघं पुण्याला गेले’ असे ती निर्विकारपणे जाहीर करते आणि दाणे ताटलीत टाकते. अळी निघाली, तर ती झोपली आहे असे समजून शेंग पुन्हा मिटवून ठेवावी लागते. आणि मग प्रश्न येतो, ‘आबा, अळी काहून झोपली?’

हा ‘काहून’ आमच्या घरातला नव्हे. भांडी घासावयास येणाऱ्या बाईंच्या तोंडचा तो अस्सल वऱ्हाडी शब्द तिने उचलला, आणि आता तो दिवसातून शंभरदा ऐकू येतो. परवा दूरध्वनीच्या पडद्यावर तिच्या बापाने तो ऐकला. ‘काहून नाही ग, का म्हणावं,’ तो समजावणीच्या सुरात म्हणाला. तिने विचारले, ‘काहून?’

आम्ही त्या वादात पडलो नाही. परंतु आमचे मत विचाराल तर ‘का’ हा शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच संपतो. ‘काहून’ला बसावयास जागा लागते. तो विचारणाऱ्यास उत्तराची घाई नसते. पुण्यात हा शब्द महिनाभरही टिकणार नाही, हे आम्ही जाणून आहो. तो तिच्या तोंडी शेवटचा कधी आला, हे त्या दिवशी कोणाच्या लक्षातही येणार नाही.

आमचे एक स्नेही अधूनमधून येतात. आल्याबरोबर ते तिला इंग्रजी मुळाक्षरे विचारतात, आणि ती ‘एच’च्या पुढे गेली नाही म्हणजे आमच्याकडे दयार्द्र दृष्टीने पाहतात. त्यांस आम्ही आमच्याच गावची एक कथा सांगितली. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. ज्याच्या काळात अजिंठ्याची लेणी बहरली, तो हरिषेण याच शाखेचा. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह येथेच झाल्याचे लिहिले आहे. हे लग्न आमचे गावकरी मोठ्या अभिमानाने सांगतात. आम्हांस मात्र त्याआधीचा भाग अधिक प्रिय आहे. सरस्वतीने पुत्रासाठी तप केले, ब्रह्मदेवाने तो दिला, आणि जन्मताच त्याने आईच्या पायांस स्पर्श करून छंदोबद्ध वाणी उच्चारली. सरस्वती हरखली, तिने त्याची स्तुती केली. आणि लगेच त्यास बजावले, की हे प्रौढपण आता झाकून ठेव व लहान मुलास शोभेल तसा वाग! साक्षात वाग्देवीच्या पोटी कवी जन्मला, आणि तिला काय हवे होते, तर मूल.

स्नेह्यांनी कथा शांतपणे ऐकली. ‘खरं आहे,’ ते म्हणाले, ‘पण त्याला कुठं शाळेत प्रवेश घ्यायचा होता?’ यावर आम्हांजवळ उत्तर नव्हते.

सायंकाळी आम्ही दोघे कधी पद्मतीर्थाकडे, तर बहुधा स्टेशनाकडे जातो. अकोला-पूर्णा हा आमचा लोहमार्ग पूर्वी मीटरगेज होता. २००८ साली तो रुंद झाला. गाडी कोणतीही असली तरी आमच्या पाहुणीस ती चालते, मात्र मालगाडीवर तिचा विशेष लोभ. ती डबे मोजते. तेरापर्यंत नीट जाते, तेथून सोळावर उडी मारते, आणि पुढे ‘खूप, खूप, खूप’ असे मोजीत शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचते. कारण तेथे गार्ड असतो, आणि त्याला हात करावयाचा असतो.

काल त्यानेही हिरवे निशाण हलवले. गाडी वळणाआड गेली तरी ती कठड्याला धरून उभी होती. थंडी पडू लागली होती. टोपी तिच्या कानांवर ओढीत आम्ही तिला घरी चलण्यास सांगितले.

‘आबा, गार्ड मागेच काहून बसतो?’

‘पुढची सगळी गाडी नीट चालली आहे ना, ते त्याला पाहायचं असतं. एखादा डबा सुटून राहायला नको.’

तिने थोडा विचार केला, आणि आमचे बोट धरून चालू लागत म्हणाली, ‘मंग पुण्याला जातानी तुम्ही मागं बसा.’