जीवघेण्या भुयाराचा न्याय

टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग खेळांतला जो प्रकार सर्वांत जुना, तोच सर्वांत बदनामही आहे. जमिनीखाली दालने, जिने, बंद दारे आणि सापळे यांचे जाळे असते, खेळाडूंची पात्रे खजिन्याच्या आशेने त्यात उतरतात आणि त्यांतली बरीचशी परत येत नाहीत. अशा जाळ्याला खेळाच्या परिभाषेत डंजन म्हणतात. काही डंजने तर मुळातच मारण्यासाठी रचलेली असतात आणि त्यांची कीर्ती खेळणाऱ्यांत वर्षानुवर्षे टिकून राहते. हा निव्वळ दुष्टपणा आहे असे म्हणणारा एक पक्ष आहे आणि त्यावाचून खेळाला चवच नाही असे मानणारा दुसरा. दोघेही मेलेल्या पात्रांची मोजदाद करीत बसतात. मरण्यापूर्वी त्या पात्रांना काय कळू शकले असते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो, आणि अशा भुयाराचा बरेवाईटपणा ठरतो तो त्याच्याच उत्तरावर.

या खेळात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राचे निर्णय घेतो, आणि उरलेले सगळे जग, म्हणजे भिंती, राक्षस, वास, आवाज आणि शत्रूचे हेतू, एकाच माणसाच्या हाती असते. त्याला डंजन मास्टर किंवा बोलण्याच्या ओघात नुसते डीएम म्हणतात. येथे त्याला संचालक म्हटले आहे. नकाशा त्याच्यापुढे पडद्याआड असतो आणि तो जेवढे सांगेल तेवढेच खेळाडूंना दिसते. छताला भेग आहे हे त्याने सांगितले नाही, तर खेळाडूंच्या लेखी भेग नाहीच. मग तेच छत कोसळून पात्र चिरडले, तर ते त्या वर्णनातल्या गाळलेल्या वाक्याने मारले असे म्हणावे लागते. फाशांनी मारणे आणि मौनाने मारणे यांतला फरक संचालकाला कधी कळत नाही, पण टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांना तो लगेच कळतो.

या प्रकारातले सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे गॅरी गायगॅक्स यांचे ‘टूम ऑफ हॉरर्स’. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला; पुढच्याच वर्षी बाल्टिमोर येथे पहिल्यांदाच भरलेल्या ‘ओरिजिन्स’ या खेळमेळाव्यातील स्पर्धेत हे थडगे खेळवले गेले, आणि १९७८ मध्ये टीएसआर कंपनीने ते मॉड्यूल, म्हणजे संचालकाला आयते मिळणारे साहस, या रूपात छापले. आपल्या पात्राला कोणतेही भुयार जड जाणार नाही अशी ज्यांना घमेंड होती, अशा मुरलेल्या खेळाडूंची खोड मोडणे हा त्यामागचा उघड हेतू होता. असेरेराक नावाच्या, मरूनही न संपलेल्या महामांत्रिकाचे हे विश्रांतिस्थान. त्यात राक्षस थोडे आणि सापळे फार, त्यामुळे तलवारीच्या जोरावर येथे फारसे काही साधत नाही. बाहेरून दिसणाऱ्या तीन प्रवेशवाटांपैकी दोन खोट्या आहेत, एवढ्यावरूनच यजमानाच्या स्वभावाची कल्पना यावी.

खऱ्या वाटेच्या टोकाला असलेला हिरवा चेहरा हे या थडग्यातले सर्वांत प्रसिद्ध स्थळ आहे. रंगवलेल्या भिंतींच्या लांब दालनाअखेर दगडात कोरलेले एक विक्राळ सैतानी तोंड आ वासून उभे असते, त्याच्या जबड्यात माणूस वाकून सहज शिरेल एवढी जागा असते, आणि आतला काळोख असा दाट की मशालीचा उजेड तिथे पोचतच नाही. तो काळोख म्हणजे नुसती पोकळी नव्हे. तेथे अंतर्धानाचा गोल आहे, म्हणजे ज्याला स्पर्श होताच वस्तू असो वा माणूस, कायमचा नाहीसा होतो असा एक जादूई गोळा. बचावासाठी फासा टाकण्याची मुभा नाही आणि पुन्हा जिवंत करायला देहही उरत नाही. ऐकताना हा शुद्ध अन्याय वाटतो, पण त्याच दालनाच्या फरशीवर असेरेराकने एक कूट लिहून ठेवले आहे, ज्यात हिरव्या रंगापासून शक्य तो दूर राहावे असे बजावलेले आहे. लगोलग त्यात रात्रीच्या रंगाची भलामण येते, आणि उतावळा खेळाडू अर्धेच वाचून काळ्या तोंडात उडी घेतो. शिवाय तोंडात काठी घातली तर काठीचे टोक गायब होते, दोरीला बांधून दगड सोडला तर दोरी कापल्यासारखी परत येते. म्हणजे सूचना लेखी आहे, चाचणी फुकट आहे आणि घाईला शिक्षा आहे. एवढे तिन्ही जुळून आल्यावर त्या मरणाला अन्याय्य म्हणणे कठीण आहे.

देवगिरीच्या किल्ल्यावरची अंधारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना येथे एक तुलना सुचेल. खडकातून वर चढणारी ती काळोखी वाट शत्रूला गोंधळात टाकण्यासाठी आणि तिच्या तोंडाशी आग पेटवून धुराने कोंडण्यासाठी रचलेली होती. पण किल्लेदाराचे शत्रूशी कसलेच देणे नव्हते, त्याला सावध करण्याचे तर मुळीच नाही. खेळातले भुयार बांधणाऱ्याचे मात्र शत्रूशी देणे असते, कारण त्याचा शत्रू त्याच्यासमोर बसून त्याच्याच ताटातला चिवडा खात असतो आणि पुढच्या आठवड्यात परत यावा अशी त्याचीही इच्छा असते. वास्तवातला उत्तम सापळा अदृश्य असतो. खेळातला उत्तम सापळा दिसतो, फक्त तो कशाचा आहे ते ताबडतोब उमगत नाही.

याच निकषावर थडग्याचा शेवट मात्र उतरत नाही. सर्वांत आतल्या दालनात रत्नजडित कवटी आहे, तीच असेरेराकचा उरलेला अंश. तिला डिवचले तर ती हवेत उठते आणि एकेका पात्राचा आत्मा शोषून घेते. तिला इजा करणाऱ्या मोजक्या उपायांची यादी पुस्तिकेत संचालकासाठी दिलेली आहे, पण त्या उपायांचा सुगावा लागेल असे थडग्यात जवळजवळ काहीच नाही. हिरव्या चेहऱ्यापाशी विचार करणारा वाचतो. कवटीपाशी ज्याच्याकडे योगायोगाने योग्य मंत्र असेल तोच वाचतो. एकाच लेखकाच्या एकाच पुस्तिकेत न्याय आणि मनमानी इतक्या जवळ नांदतात, आणि तिच्या अनुकरणाने रचलेल्या असंख्य भुयारांनी दुर्दैवाने दुसरीच गोष्ट अधिक उचलली.

तरीही कवटीपासून सुटण्याचा एक मार्ग होता आणि तो गायगॅक्स यांच्या जुन्या सहकाऱ्याने, रॉबर्ट कुंट्झ यांनी, शोधला. गायगॅक्स यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे कुंट्झ यांचे रोबिलार हे पात्र आपल्या ऑर्क, म्हणजे राक्षसी जातीच्या, सैनिकांना पुढे घालत, त्यांचे बळी देत शेवटच्या दालनापर्यंत पोचले, आणि कवटी उठताच लढण्याच्या भानगडीत न पडता हाती लागेल तो खजिना झोळीत भरून चालते झाले. सैनिकांच्या दृष्टीने ही कथा फारशी उदात्त नाही, हे खरेच. पण शिर सलामत तो पगडी पचास, हे तत्त्व त्या दालनात रोबिलारला जितके कळले तितके पुढच्या शेकडो शूर पात्रांना कळले नाही.

तगून राहण्याची ही विद्या जुन्या नियमांत मुळापासून रुजवलेली होती. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेल्या १९८१ च्या बेसिक नियमावलीत नवख्या जादूगाराचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची ताकद मोजणारे अंक, चार पैलूंच्या एका फाशाने ठरतात, तर तलवारीचा एक घाव आठ पैलूंचा असू शकतो. म्हणजे समोरासमोरच्या लढाईत त्याचे काय होणार ते गणित न करताही कळते. त्याच नियमांत एक सोन्याचे नाणे भुयाराबाहेर आणले की एक अनुभवगुण मिळतो, आणि पात्राची वाढ या गुणांवर होते. उलट एक गॉब्लिन, म्हणजे किरकोळ राक्षस, मारण्याचे गुण अवघे पाच. दोनशे नाण्यांची थैली झोपलेल्या गॉब्लिनांच्या उशाशी असेल, तर शहाणा गट त्यांना झोपू देतो, कारण हिशेबच तसा आहे. ज्या टेबलावर फक्त मारण्याचे गुण मिळतात तिथे खेळाडू लढणारच, आणि मग जीवघेणे भुयार त्यांना जीवघेणे वाटले याबद्दल त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

सावधपणा फुकट असला की तो कंटाळवाणा होतो, ही या प्रकाराची दुसरी अडचण. दहा फुटी काठीने प्रत्येक फरशी ठोकायची, प्रत्येक दार तीनदा तपासायचे, असा खेळ तासाभरात जीव नकोसा करतो. म्हणून जुन्या नियमांनी काळाला किंमत लावली. भुयारातला काळ दहा मिनिटांच्या पाळ्यांत मोजला जातो, मशाल सहा पाळ्या जळते, दहा फूट लांबरुंद जागा धुंडाळायला एक पाळी जाते, आणि दर दोन पाळ्यांनी संचालक सहा पैलूंचा फासा टाकतो, ज्यावर एक पडला की कोणीतरी फिरते श्वापद वाटेवर येते. आता काठीने ठोकत बसणे हासुद्धा एक धोका झाला आणि खेळाडूला खरोखर निवड करावी लागली. ‘टूम ऑफ हॉरर्स’मध्ये हे दडपण फारसे नाही, स्पर्धेत घड्याळाने ते काम केले, पण घरच्या टेबलावर घड्याळ नसते, आणि म्हणून तेच थडगे घरी खेळताना पुष्कळदा रटाळ होते. जो संचालक मशालींचा हिशेब ठेवायला कंटाळतो, त्याने जीवघेणे भुयार चालवण्याच्या फंदात पडू नये.

संचालनाचे सर्वांत नाजूक काम मात्र फाशांपाशी नसून एका साध्या प्रश्नापाशी असते. खेळाडू म्हणतो, ‘पेटी उघडतो.’ संचालक विचारतो, ‘कशी? कुठे उभा राहून, हाताने की काठीने?’ हा प्रश्न आवश्यकच आहे, कारण नंतर सुई बोटात घुसली की ‘मी तर काठीने उघडत होतो’ हा वाद ठरलेला असतो. पण फक्त विषारी पेटीपाशीच तो विचारला, तर प्रश्नच सापळा उघडा पाडतो. यावर एकच तोडगा आहे, तो म्हणजे रिकाम्या, निरुपद्रवी पेट्यांपाशीसुद्धा तोच प्रश्न त्याच सुरात विचारणे, आणि भिंतीवरचे ओरखडे, कुलपाभोवतीचा तेलकट डाग, उंबरठ्यापाशी धुळीचा अभाव अशा खुणा वर्णनात पहिल्याच दमात घालून टाकणे, म्हणजे त्या मागाहून चिकटवल्यासारख्या वाटत नाहीत. मरण ठरवणारा फासा पडद्याआड टाकू नये, सर्वांदेखत टाकावा. आड टाकलेल्या फाशाने पात्र वाचले तर दया केल्याचा संशय येतो आणि मेले तर आकसाचा.

मेलेल्या पात्राची किंमत प्रत्येक पिढीच्या नियमांनी वेगळी लावली आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हिट पॉइंट शून्यावर आले तरी पात्र लगेच मरत नाही. वीस पैलूंचा फासा टाकत जायचा, दहा किंवा जास्त पडले तर यश, तीन यशांनी पात्र सावरते आणि तीन अपयशांनी जाते. उलट २०१२ च्या ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’ या दुसऱ्या खेळाने प्रत्येक खेळाडूच्या हाती एकदम तीनचार कंगाल पात्रे दिली, कोणी शेतकरी, कोणी खाटीक, आणि त्यांची अख्खी रांग भुयारात सोडून जे उरेल तेच पुढे नायक होईल असे ठरवले. ही युक्ती फार शहाणपणाची आहे, कारण येथे मरणच पात्रनिर्मितीचे साधन बनते. चौघांतला जो चुकून तरला, त्याच्यावर खेळाडूचा जीव जडतो, आणि उरलेल्या तिघांबद्दल कुणी रडत बसत नाही.

मेलेल्या पात्राची ही किंमत न ओळखण्याची गल्लत ‘टूम ऑफ हॉरर्स’च्या वाट्याला आली. स्पर्धेतली पात्रे आयती दिलेली होती, ती गमावण्यात कुणाचे काही जात नव्हते, उलट कोणता गट किती पुढे गेला हे ठरवायला काही जण मरणे सोयीचेच होते. पण छापील पुस्तिका घरोघर गेल्यावर वर्षानुवर्षे जोपासलेली पात्रे त्याच हिरव्या तोंडासमोर उभी राहिली. मूळ पुस्तिकेच्या प्रारंभी गायगॅक्स यांनी बजावले आहे की हे साहस डोके चालवणाऱ्यांसाठी आहे आणि केवळ मारधाड आवडणाऱ्या मंडळींचा येथे हिरमोड होईल. ही सूचना संचालकाने स्वतःपुरती ठेवण्याचे काहीच कारण नाही. हे थडगे खेळायला काढणाऱ्याने ती पहिला फासा पडण्यापूर्वी सर्वांना वाचून दाखवावी, लाडकी पात्रे घरी ठेवायला सांगावीत, आणि ज्यांना त्या संध्याकाळी मरायचे नसेल त्यांच्यासाठी दुसरे एखादे साहस हाताशी ठेवावे.