डाळिंबाचा खोका हलवून पाहिलात का?

डाळिंब खोक्यात भरताना तुम्ही कधी पाहिलंय? नसेल, तर शिर्डीला जाल तेव्हा थोडी वाट वाकडी करून राहात्याला उतराच! मी परवा पहिल्यांदा गेले आणि तेव्हापासून भेटेल त्याला खोक्यांबद्दलच सांगत सुटले आहे.

तिथल्या डाळिंब बाजारात लिलावाचा गलका, क्रेटच्या थप्प्या, हमालांची धावपळ हे सगळं होतंच. पण माझा पाय अडकला तो व्यापाऱ्याच्या गाळ्यात. काय ते हात चालतात! तळाला कागदाची कात्रणं, त्यावर एका मापाची फळं, आणि प्रत्येक फळाचा मुकुट शेजारच्याला टोचणार नाही असा वळवलेला. देठ तर बागेतच कात्रीनं फळालगत छाटून येतो, नाहीतर प्रवासात तोच शेजारच्या सालीत घुसायचा. उरलेल्या फटींत पुन्हा कात्रणं.

“मामा, इतकं ठासून भरता, दबत नाही का?”

“ताई, फळ हलण्यानं जातं. खोका हलवून बघा. आवाज आला तर परत भरायचा.”

हलवला. आतून हूं नाही की चूं नाही!

म्हणजे खरी वैरी आहे ती मोकळी जागा! फळाला हलायला बोटभर जागा मिळाली की ट्रकच्या प्रत्येक हिसक्याला ते आपटतं, आणि नगर-मनमाड रस्त्यावरून जे गेलेत त्यांना हिसके मोजून दाखवायची गरज नाही. मार बसलेलं डाळिंब बाहेरून तसंच लालबुंद दिसतं. आतले दाणे तपकिरी पडलेत हे कळतं ते थेट गिऱ्हाइकाच्या सुरीखाली.

मग मी पुठ्ठ्याकडे वळले. दोन सपाट कागदांमध्ये नागमोडी कागद. त्याच्या नळ्या वाड्याच्या खांबांसारख्या उभ्या असतात आणि वरचा भार पेलतात! सगळ्यात जास्त ताकद चार कोपऱ्यांत, म्हणून थप्पी लावताना कोपऱ्यावर कोपरा बसवायचा. थर सरकला की भार मधल्या भिंतीवर येतो आणि खोका बसतो. ओल लागली तरी तेच.

आणि ऐका, संरक्षणाची सुरुवात खोक्याच्याही आधी होते! ‘भगवा’ या वाणाची साल जाड, चकचकीत, म्हणून तो लांबच्या बाजारापर्यंत टिकतो. या वाणाची शिफारस केली याच जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं. प्रवासाचा विचार थेट झाडापासून!

घरी येऊन भाचीला पाठवायची चिनीमातीची बरणी काढली. बरणीच्या पोटात जुनं धोतर, भोवती कागदाचे बोळे, झाकण वेगळं गुंडाळलेलं. खोका कानाशी धरून हलवला, आवाज आला, दोन बोळे आणखी कोंबले. वर काचेच्या पेल्याचं चिन्हही काढलं. जगभर चालतं ते, आंतरराष्ट्रीय मानकातलं आहे. पण ते वाचणार हमाल, ट्रकला कुठे वाचता येतं? ट्रकसाठी बोळेच हवेत.

आता मला पेरू बघायचाय. राहात्याचा पेरू प्रसिद्ध, आणि त्याची साल केवढी पातळ! हंगाम सुरू झाला की मी पुन्हा त्या गाळ्यांत उभी असणार. येताय?