भिंतीवरची बाई

नाटे गावात आमच्या घरापर्यंत केबल आली तेव्हा झी टीव्हीवर १९९५ साली सुरू झालेली ‘हम पाँच’ गाजत होती. वायर माडांवरून ओढलेली. वारा सुटला की चित्राला मुंग्या यायच्या, पावसात तर वीजच नसायची. तरी ती मालिका आम्ही सोडली नाही. एक तर त्यात अशोक सराफ होते, म्हणजे घरचाच माणूस. शिवाय त्यांनी उभा केलेला आनंद माथुर, पाच मुली आणि बायको यांच्या गराड्यातला एकटा पुरुष, आम्हाला थेट बाबांसारखा वाटायचा.

बाबा मुंबईला कापडगिरणीत होते. जानेवारी १९८२मध्ये संप सुरू झाला, अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. वर्षभर वाट पाहून बाबा ट्रंक घेऊन कायमचे गावी परतले. इथे राज्य बायकांचं होतं. आजी, विधवा आत्या, आई आणि आम्ही चार बहिणी. राजापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांची हीच तऱ्हा: पुरुष मुंबईत, महिन्याला मनीऑर्डर, आणि लावणीपासून सोयरिकीपर्यंत सगळं बायकांनी निभवायचं. साखरी नाट्याच्या मच्छीमार घरांतही पुरुष दर्यावर असले की घर बायकांच्याच जिवावर. आईबाप आणि दोन मुलं असं चौकोनी कुटुंब आम्ही पाहिलं ते कुटुंबनियोजनाच्या जाहिरातीत. त्यामुळे माथुरांच्या घराचं आम्हाला नवल नव्हतं. नवल होतं फोटोचं.

माथुरांची पहिली बायको वारलेली. तिचा फोटो भिंतीवर, आणि तो फोटो नवऱ्याशी बोलतो, टोमणे मारतो. फोटोतली बाई होती प्रिया तेंडुलकर. दहा वर्षांपूर्वी दूरदर्शनच्या ‘रजनी’त तिने गॅसवाल्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळ्यांना जाब विचारला होता. तिला चौकटीत बसवलं म्हणून ती गप्प थोडीच बसणार!

अलीकडे मी ही मालिका पुन्हा पाहिली. काही गोष्टी खटकल्या, एक तर फारच लागली. माथुरांच्या मुलींपैकी मीनाक्षीच्या स्त्रीमुक्तीची टिंगल आणि राधिकाला कमी ऐकू येतं म्हणून केलेले विनोद. आत्याला उतारवयात ऐकू येईनासं झालं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मी रोज पाहिला आहे. त्या विनोदांवर आता हसू येत नाही. पण त्याच घरात त्यांची बहीण काजल मुलासारखी राहते, तिला कुणी परकी मानत नाही. आणि दुसरी बायको पहिलीचा फोटो उतरवत नाही. याच मालिकेच्या निर्मात्या एकता कपूर यांनी २००० सालापासून ‘क्यूँकि सास भी कभी बहू थी’सारख्या मालिकांतून मोठमोठे वाडे आणले, दागिने आणले, कारस्थानं आणली. माथुरांच्या त्या साध्या हॉलमध्ये दोन बायकांना जेवढी जागा होती, तेवढी मला त्या वाड्यांत दिसली नाही.

आमच्याही माजघरात एक फोटो होता. मोठी आई. बाबांची पहिली बायको, थोरल्या ताईची आई. लालबागच्या चाळीत गेली तेव्हा ताई सव्वा वर्षाची होती. आई दर भाद्रपदात अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, ओल्या फडक्याने काच पुसायची, हार बदलायची. मान कधी चुकला नाही. पण तिच्याबद्दल बोलत कुणी नसे. आईला वाईट वाटेल म्हणून आजी बोलायची नाही, ताईला वाईट वाटेल म्हणून आई.

टीव्हीतला फोटो पहिल्यांदा बोलला तेव्हा आम्ही सगळ्यांनी नकळत माना वळवून आमच्या भिंतीकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. मग आई म्हणाली, “आमच्या बाई बोलायला लागल्या तर आधी मलाच ओरडतील. त्यांच्या पितळेच्या डब्यात मी मीठ ठेवते.”

“ओरडलीच असती,” आजी म्हणाली.

ताई तेव्हा विशीत होती. तिने विचारलं, “आजी, माझी आई बोलायची कशी गं?” एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

उत्तर आजीने दिलं नाही, बाबांनी दिलं. “मोठ्याने. खाली नळावर भांडण लागलं की तिसऱ्या माळ्यावर मला तिचा आवाज ओळखू यायचा. दुसरी पाळी करून आलो की झोपेतून उठून भाकरी टाकायची, आणि भाकरी होईपर्यंत बोलत राहायची. मी पेंगायचो. ती बोलायची.”

टीव्ही चालूच होता. त्या रात्री मालिकेत पुढे काय झालं ते आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही. ताई बाबांजवळ सरकून बसली होती आणि एकेक विचारत होती. रागावली की काय म्हणायची, गाणी म्हणायची का, मला काय म्हणून हाक मारायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई विहिरीवर चिंचेने तो डबा घासत होती. तळाला मिठाने हिरवे डाग पडले होते. ते काही निघाले नाहीत.