कृष्णाकाठचा उतारू आणि विमानातील तंटा

साताऱ्याहून सांगलीस जाणाऱ्या उतारूला कृष्णामाईची सोबत असते. महाबळेश्वरी उगम पावलेली ही नदी माहुलीस वेण्णेला आणि कऱ्हाडास कोयनेला पोटाशी घेऊन सांगलीच्या घाटाला येते. आगगाडीने जावे, तर कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कऱ्हाड, किर्लोस्करवाडी ही ओळखीची नावे क्रमाने भेटतात. मोटारीने जावे, तर अजिंक्यतारा मागे टाकून, कऱ्हाडावरून पुढे पेठ नाक्याला सांगलीची वाट धरावी लागते. विमानाची म्हणून या टापूत कऱ्हाडजवळ एक आणि सांगलीजवळ कवलापूरला एक अशा दोन धावपट्ट्या आहेत. परंतु ज्यास विमानाने जावयाचे, त्याने पुणे किंवा कोल्हापूरच गाठावे. तथापि मुलेबाळे दूरदेशी गेल्यामुळे विमानप्रवास आपल्या घरांत आता नवलाचा राहिलेला नाही. म्हणून त्यातील वर्तनाविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

मध्यंतरी याच वाटेने एका आरामगाडीतून जाण्याचा आम्हांस योग आला. एका गृहस्थांनी खिडकीजवळची जागा राखून ठेवली होती. तेथे दुसराच कोणी बसलेला. गृहस्थांनी गाडीच्या क्लीनरवर यथेच्छ तोंडसुख घेतले. पोर विशीतले, जागा त्याने विकली नव्हती, की पैसे त्याच्या खिशात गेले नव्हते. कऱ्हाडच्या अलीकडे चालकाने गाडी बाजूस घेतली, दोघांची तिकिटे ताडून पाहिली आणि समजूत घालून जागा बदलून दिल्या. पाच मिनिटांत प्रकरण मिटले. ते मिटले, कारण गाडी थांबविता आली. अंतराळात विमान कोठे थांबवावे?

विमानातील अशा तंट्याचे आपल्या प्रांती गाजलेले उदाहरण २३ मार्च २०१७ चे. त्या दिवशी उस्मानाबादचे तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड एअर इंडियाच्या विमानाने पुण्याहून दिल्लीस गेले. तिकीट बिझनेस क्लासचे. विमानात मात्र तो वर्गच नव्हता. दिल्ली आल्यावर ते विमानातून उतरेनात. समजूत घालावयास आलेल्या साठीच्या एका अधिकाऱ्यास त्यांनी चपलेने मारले, आणि पंचवीस वेळा मारले असे स्वतःच वृत्तप्रतिनिधींना सांगितले. प्रमुख विमान कंपन्यांनी त्यांस नेण्याचे नाकारले. पुढे त्यांनी हवाई वाहतूक मंत्र्यांस खेदाचे पत्र लिहिल्यावर ७ एप्रिलला ती बंदी उठली.

मोल वरच्या वर्गाचे घ्यावे आणि जागा खालची द्यावी, हे कोणासही बोचणारच. राज्यव्यवस्थेनेही ते मानले आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून अमलात आलेल्या नियमान्वये, उतारूस त्याच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसविल्यास, देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाची ७५ टक्के रक्कम कंपनीने परत करावयाची असते. तक्रार खरी असू शकते. पण ती कोणापुढे, केव्हा आणि कशी मांडावी, याचा विवेक क्रोधाच्या भरात राहत नाही. गीतेचा दुसरा अध्याय ज्यांनी पाठ केला आहे, त्यांस हे निराळे सांगावयास नको.

विमानातील सेवकवर्ग चहाफराळ देतो, म्हणून तो केवळ वाढपी आहे असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः त्यांचे मुख्य काम रक्षणाचे. मोठ्या विमानाच्या नव्या प्रकारास मान्यता मिळण्यापूर्वी, निम्मीच दारे वापरून ९० सेकंदांत सारे उतारू बाहेर काढता येतात, हे सिद्ध करावे लागते. चहाचा पेला पुढे करणारा हातच संकटसमयी ते दार उघडणार असतो. आमच्या लहानपणी कृष्णेच्या पात्रात नाव मध्यावर असता नावाड्याशी कोणी हुज्जत घालीत नसे. घासाघीस व्हायची ती काठावर.

गायकवाड प्रकरणानंतर त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने बेशिस्त उतारूंसाठी नियम केले. तोंडी गैरवर्तनास तीन महिन्यांपर्यंत, अंगावर हात टाकल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि जिवावर बेतणाऱ्या कृत्यास किमान दोन वर्षे विमानबंदी, अशा तीन पायऱ्या त्यांत ठरविल्या.

मग अन्याय निमूट सोसावा काय? मुळीच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदारास तो राहतो तेथील जिल्हा आयोगात दाद मागण्याची मुभा दिली आहे. साताऱ्याच्या उतारूने साताऱ्यात आणि सांगलीच्या उतारूने सांगलीत अर्ज करावा. मुंबई-दिल्लीचे हेलपाटे नकोत. त्यासाठी तिकीट व बोर्डिंग पास जपून ठेवावा, दिनांक व वेळ टिपून घ्यावी, आणि प्रथम कंपनीस लेखी कळवावे. नाव पैलतीरास लागू द्यावी. मग हिशेब मागावा, आणि तो पै-पैचा मागावा.